खाडाखोड करू नये

बँकेत रुजू झालो त्या दिवशी आमच्या हेडकॅशियरांनी मला एक टाचण्यांची डबी, एक लाल शाईचं पेन आणि एक उपदेश दिला. म्हणाले, "खोडरबर आणलंय का? आणलं असेल तर घरी नेऊन पोरांना दे." पोरं नव्हती, लग्नच व्हायचं होतं. पण उपदेश लक्षात राहिला. लेजरात आकडा चुकला तर तो खोडायचा नाही, त्यावर गिरवायचं नाही, ब्लेडने खरवडायचं तर मुळीच नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा चुकलेला आकडा स्वच्छ वाचता येईल अशी. शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला आपली इनिशियल ठोकायची. म्हणजे काय चुकलं, बरोबर काय होतं आणि चुकणारा महाभाग कोण, या तिन्ही गोष्टी पुढच्या पिढ्यांना बिनबोभाट कळतात.

हे २००३ साल. शहरातल्या शाखांत कॉम्प्युटर येऊन जुने झाले होते. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी लेजरचं राज्य अजून शाबूत होतं. त्या राज्याचा मी जवळजवळ शेवटचा प्रजाजन. त्यामुळे इतिहास सांगण्याचा अधिकार मला पोचतो, असं माझं मत आहे. सौ.चं वेगळं आहे.

हा इतिहास उकरून निघाला तो मागल्या दिवाळीत. पुण्याला हिंजवडीत प्रोग्रामर असलेला माझा भाचा तीन मित्रमंडळी घेऊन यवतमाळला आला. एक कोल्हापूरचा, एक नागपूरचा आणि एक पुण्याची मुलगी. चौघांनी आमच्या दिवाणखान्यात चार लॅपटॉप मांडले. पडदे काळेकुट्ट, त्यावर हिरवी-पिवळी-गुलाबी अक्षरं. सौ. मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हणाली, "अहो, चौघांचेही एकदम कसे बिघडले?"

बिघडले नव्हते. त्यांना काळंच आवडतं. दिवसभर काळ्या पाटीवर रंगीत खडूने लिहायचं, हाच त्यांचा धंदा.

संध्याकाळी चिवड्याच्या ताटलीभोवती त्यांच्यात भांडण पेटलं. आवाज असा चढला की मला वाटलं, धुऱ्याचा वाद आहे. कोणाचा तरी बांध कोणीतरी कोरला. चौकशी केली तेव्हा कळलं, ओळ सुरू करताना आत जी जागा सोडायची ती 'टॅब'चं बटण दाबून सोडावी की 'स्पेस'चं चार वेळा दाबून, यावर हे महाभारत चाललं होतं. दिसायला दोन्ही सारखंच. म्हटलं, "अरे, मग भांडता कशाला?" चौघांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं, की शैव-वैष्णवांच्या वादात "देव एकच ना?" असं विचारणाऱ्या पोराकडे थोरांनी पाहावं.

हा वाद मिटतो न मिटतो तोच दुसरा. 'व्हीआय' बरं की 'ईमॅक्स'? ही दोन्ही मजकूर लिहिण्याची अवजारं, आणि गंमत म्हणजे दोन्ही जन्मली १९७६ साली. ही दोन घराणी निघाल्याला पन्नास वर्षं होत आली. शिष्य अजून एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत. त्यातल्या व्हीआयची ख्याती अशी, की नवा माणूस आत शिरला तर बाहेर कसं पडायचं हे त्याला कळत नाही. कोल्हापूरकराने मला आत सोडून पाहिलं. दहा मिनिटं मी सगळी बटणं दाबली. मग त्याने 'एस्केप' दाबून कोलन, क्यू आणि उद्गारचिन्ह असा मंत्र टाकला आणि माझी सुटका झाली. मी म्हटलं, "आमच्याकडे जामीनदार राहिलेल्या माणसाची अवस्था अशीच होते. फक्त त्याला मंत्र नसतो."

मग मला शहाणपण सुचलं. पुणेकरीण सांगत होती, की त्यांच्यात एक ओळ ऐंशी अक्षरांपेक्षा लांब लिहायची नाही असा नियम पुष्कळ जण अजून पाळतात. "का?" म्हटलं. कोणालाच ठाऊक नव्हतं. मी माहीत असलेला इतिहास काढला : अहो, आयबीएम कंपनीने १९२८ साली ऐंशी रकान्यांचं पंचकार्ड काढलं. एका कार्डावर ऐंशी अक्षरं, एक्याऐंशीव्याला जागा नाही. पुढे पडदे आले तेही पुष्कळसे ऐंशी अक्षरांचेच. कार्ड गेलं, कार्डाला भोकं पाडणारे रिटायर होऊन देवाघरी गेले, नियम मात्र राहिला. चौघेही खूश झाले. मी म्हटलं, "यात नवल काय? आमच्या बँकेत असे नियम कपाट भरून आहेत."

एवढ्याने माझी भीड चेपली. भाचा म्हणाला, "मामा, हे सगळं शेवटी अमेरिकेतच सुरू झालं ना?" मी म्हटलं, "झालं असेल. पण आपल्याकडे मुंबईत काय झालं ते ऐक." मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली एक संपूर्ण यंत्र उभं राहिलं, इथल्याच माणसांनी जुळवलेलं. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण पोरांनी ते बांधलं. आत व्हॅक्यूम ट्यूबा हजारोंनी; आणि पोटात किती मावावं? तर चाळीस अंकी असे २०४८ शब्द. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' असं नाव दिलं. भाच्याने खिशातला मोबाइल काढून एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तेवढ्या पोटात त्यांनी विज्ञानाची गणितं सोडवली. तुझ्या त्या खोक्यात तेवढ्या जागेत मामीचा 'शुभ सकाळ'चा एक फुलांचा गुच्छसुद्धा मावायचा नाही."

पुढला मुद्दा माझ्या खास अभिमानाचा. १९६८ साली टाटा कन्सल्टन्सी निघाली. आज लाखो पोरं तिथे काम करतात. पण आरंभीच्या काळात तिने हाती घेतलेल्या कामांतलं एक कोणतं? रॉकेट उडवण्याचं नव्हे. सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या आंतरशाखा ताळमेळाचं!

आंतरशाखा ताळमेळ म्हणजे काय हे बँकेबाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं. यवतमाळच्या शाखेने मुंबईवर ड्राफ्ट काढला. इथे एक नोंद झाली. मुंबईने तो वटवला, तिथे दुसरी नोंद झाली. आता या दोन नोंदींची गाठ पडली पाहिजे. शाखा शेकडो, नोंदी लाखो, आणि कागद टपालाने जाणार. यवतमाळहून मूर्तिजापूरला नॅरो गेजवरून आमची शकुंतला धावायची त्या चालीने हे कागद निघायचे. काही पोचायचे, काही उशिरा पोचायचे, काही चुकीच्या शाखेत जाऊन संसार थाटायचे. न जुळलेल्या नोंदींची लग्नं लावता लावता माणसं म्हातारी व्हायची. तेव्हा या देशातल्या सॉफ्टवेअरच्या धंद्याच्या बारशाला आम्ही बँकवाले हजर होतो, हे चौघांना मी चिवड्याची पुडी बांधताना पुन्हा एकदा सांगितलं.

अर्थात पुढे याच यंत्राला आम्ही दारात उभं करीत नव्हतो. 'कॉम्प्युटर म्हणजे दहा जणांची भाकरी खाणारा राक्षस' अशी भाषणं आमच्या सीनियर मंडळींनी ऐकली होती. काहींनी स्वतः केली होती. १९८३ साली बँकांचं व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रं आणण्याबद्दल करार झाला. १९८४ साली डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला. मग शाखांत प्रगत लेजर पोस्टिंग मशिनं आली. नाव केवढं! मंडळी त्याला नुसतं 'मशीन' म्हणत. धूळ लागू नये म्हणून त्याला वातानुकूलित खोली, माणसांना पंखा. तिथपासून 'मशीन करतं' आणि 'मशीन चुकतं' ही वाक्यं बँकेत रूढ झाली. यातल्या दुसऱ्या वाक्याशी माझा पुढे घनिष्ठ संबंध आला. पण ते शेवटी.

रात्री जेवणं झाल्यावर नागपूरकर एकटाच पडद्यासमोर डोकं धरून बसला होता. म्हणाला, "मामा, बग सापडत नाहीये." मला 'बग'ची कथा माहीत होती. १९४७ साली ९ सप्टेंबरला हार्वर्डच्या मार्क टू नावाच्या यंत्रात खरोखरचा एक पतंग सापडला, एका रिलेत अडकलेला. दोषाला 'बग' म्हणण्याची पद्धत त्याच्याही आधीची. पण हा खरा पतंग. त्या लोकांनी काय करावं? त्याला चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि बाजूला नोंद केली. आजही ती वही अमेरिकेत संग्रहालयात आहे. मला या गोष्टीत पतंगापेक्षा वही मोठी वाटते. चूक सापडली तर झटकून टाकली नाही. पुराव्यासकट व्हाउचरला जोडली! हे लोक आमच्या हेडकॅशियरांच्या हाताखाली सहज टिकले असते.

"आमच्याकडेही बग शोधायचं अवजार आहे," मी म्हटलं. दिवसाचा ताळा जमला नाही, फरक राहिला, तर सगळी पानं चाळायच्या आधी फरकाला नवाने भागून पाहायचं. पूर्ण भाग गेला तर समजायचं, कोणीतरी दोन अंकांची अदलाबदल केलीय. ६८ ऐवजी ८६ लिहिलेत, फरक १८. ५२७ चे ५७२ झाले, फरक ४५. आणि फरकाची निम्मी रक्कम कुठे दिसली तर समजायचं, जमेची नोंद नावे पडलीय. पुणेकरणीने लगेच पडद्यावर काही ओळी लिहून दहा लाख आकड्यांवर हा नियम तपासून पाहिला. दहाही लाख वेळा बरोबर निघाला. म्हटलं, "बाई, दहा लाखांची गरज नव्हती. दशकातला अंक दहापट आणि एककातला एकपट. जागा बदलली की फरक नऊपटच पडणार." तिने माझ्याकडे आदराने पाहिलं. बी.कॉम. सेकंड क्लासला इतक्या आदराने कोणी पाहिल्याची ती पहिली वेळ.

मग भाच्याने आपलं अवजार दाखवलं. त्याचं नाव 'गिट'. लिनस तोरवाल्ड्स नावाच्या गृहस्थाने ते एप्रिल २००५ मध्ये अवघ्या काही दिवसांत उभं केलं. इंग्रजी बोलीत या शब्दाचा अर्थ मूर्ख, त्रासदायक माणूस. नाव त्यानेच थट्टेने ठेवलं. त्याआधीही अशी अवजारं होती. अगदी पहिल्यांपैकी एक बेल लॅबमधलं, १९७२ सालचं. काम एकच : प्रोग्राममध्ये केलेला प्रत्येक बदल जपून ठेवणं. जुनी ओळ जात नाही. ती खाली वाचता येते. नवी ओळ शेजारी येते. कोणी बदलली, कधी बदलली, का बदलली, सगळं नोंदलेलं. आणि एकाने केलेला बदल दुसऱ्याने पाहून मान्य केल्याशिवाय पुढे जात नाही.

मी ऐकत राहिलो. एकच आडवी रेघ, शेजारी नवी नोंद, बाजूला इनिशियल. आणि करणारा एक, तपासणारा दुसरा. आमच्या बँकेत त्याला मेकर आणि चेकर म्हणतात. ही पोरं हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत बसून आमच्या हेडकॅशियरांचा उपदेश पाळत होती!

"यात एक गंमत आहे मामा," भाचा म्हणाला, "कुठल्याही ओळीवर हा हुकूम टाकला की ती ओळ कोणी लिहिली ते नाव येतं. हुकुमाचं नावच 'ब्लेम'." त्याने टाकून दाखवला. तीन तास छळणाऱ्या त्या बगच्या ओळीपुढे नाव आलं, खुद्द नागपूरकराचं. सगळे खो खो हसले. तो स्वतः सर्वांत मोठ्याने हसला. "च्यामारी, मीच!" म्हणाला आणि दुरुस्त करायला बसला.

मी हसलो नाही. सौ.च्या ते लक्षात आलं. तिला ती गोष्ट माहीत आहे; आणखी कोणाला नव्हती. त्या रात्री मी ती पोरांना सांगितली.

२००७ साली आमच्या शाखेची लेजरं कॉम्प्युटरात चढवायची होती. दिवसा बँक, रात्री भरणी. प्रत्येक कर्जखात्याचं एक पान टंकायचं : नाव, रक्कम, कर्ज दिल्याची तारीख. मेकर मी. चेकर एक साहेब होते. रात्री दोनला चेकर माणसाचे डोळे मिटलेले असतात, सही करणारा हात तेवढा उघडा असतो. रकमांची बेरीज पैशापर्यंत जुळली. आम्ही पेढे खाल्ले.

२००८ साली केंद्र सरकारची शेतकरी कर्जमाफी आली. पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याचं थकलेलं पीककर्ज माफ. अट अशी, की कर्ज ३१ मार्च २००७ पर्यंत दिलेलं असावं. जूनअखेर याद्या शाखेच्या फळ्यावर लागल्या. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे बाबा माझ्या खिडकीशी आले. तीन एकर कोरडवाहू, कपाशीवाले.

"साहेब, माह्यं नाव काहून नाही?"

मी मशीन पाहिलं. "बाबा, तुमचं कर्ज ६ जून २००७ चं आहे. बसत नाही नियमात."

"नाही बाप्पा. त्याच्या आंधीच्या सालचं हाये. मिरगाच्या दिवशी उचलले पैसे. दस्खत केली अन् तसाच बियाणाच्या दुकानात गेलो."

"मशीनमध्ये २००७ आहे बाबा."

"मशीनले काय मालूम मिरीग कवा लागते!"

या युक्तिवादाला बँकेच्या कोणत्याही परिपत्रकात उत्तर नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मी रेकॉर्ड रूममध्ये गेलो, लाल फडक्यात बांधलेलं जुनं लेजर सोडलं आणि पान काढलं. लिहिलेलं होतं ७-६-०६. सात जून, मृग. मशीनमध्ये होतं ६-६-०७. सात आणि सहा यांनी जागा बदलल्या होत्या. नवाचा नियम इथे उपयोगाचा नव्हता. तारखांची कोणी बेरीज मारत नाही. रकमेवर ताळ्याचा पहारा असतो. तारखेवर, नावावर, बापाच्या नावावर कोणाचाच नसतो. भरणीचा कागद काढला. खाली मेकरच्या जागी इनिशियल होती. माझी.

काम झालं. लेजरच्या पानाची झेरॉक्स जोडून प्रकरण वर पाठवलं, पुरवणी यादीत बाबांचं नाव आलं. पण सोबतची टिप्पणी मी लिहिली होती. तीत मी लिहिलं : 'संगणकीकरणाच्या वेळी तांत्रिक त्रुटीमुळे तारीख चुकीची नोंदली गेली.' नोकरीला पाच वर्षं झाली होती, सौ.ला दिवस गेले होते, आणि खुलासा मागवणारं पत्र कसं दिसतं ते मी दुसऱ्यांच्या टेबलावर पाहिलं होतं. मशीन बिचारं काही बोललं नाही.

आठवड्याने बाबा पिशवी घेऊन आले. पिशवीत घरची तूरडाळ. म्हणाले, "तुमी व्हते म्हून झालं साहेब." मी डाळ घेतली. घरी वरण झालं. चांगलं झालं होतं, असं सौ. म्हणते.

गोष्ट संपल्यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग भाचा म्हणाला, "मामा, आमच्याकडे मोठा घोटाळा झाला की बैठक होते. तीत 'कोणी केलं' म्हणून कान पिळायचा नाही, 'होऊच कसं शकलं' ते शोधायचं, असा नियम आहे. तो फॉर्म कर्जाची तारीख बिनबोभाट गिळत होता, रात्री दोनला माणसांना बसवलं होतं. चूक तुझ्या एकट्याची नाही."

मला बरं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात पुणेकरीण म्हणाली, "पण काका, त्यासाठी आधी कोणीतरी 'मी केलं' म्हणावं लागतं. नाहीतर ती बैठकच होत नाही. त्या रात्री तुम्ही आणखी किती पानं भरली होती?"

साठेक.

हा प्रश्न मला २००८ मध्येही पडला होता. टिप्पणीत 'तांत्रिक त्रुटी' लिहिल्यामुळे तो दुसऱ्या कोणाला पडला नाही. मी दोन रविवार गुपचूप रेकॉर्ड रूममध्ये बसून चाळीस पानं ताडून पाहिली. एक चूक सापडली, निरुपद्रवी. तोवर उरलेली लेजरं दुसरीकडच्या गोदामात गेली. ती मागवायची तर कारण लिहावं लागलं असतं. ते मी लिहिलं नाही. बाबांचं पान सापडलं कारण बाबांना मृग आठवत होता. त्या वीस जणांत असा कोणी निघाला असता, की ज्याने मशीनचं म्हणणं निमूटपणे ऐकलं आणि घरी गेला, तर? मला माहीत नाही. काळजी करायला पुरेल एवढंच माहीत आहे.

पोरं भाऊबीज झाल्यावर गेली. जाताना सौ.ने चौघांना एकेक किलो तूरडाळ बांधून दिली. मला वाटतं, मुद्दामच.

तेव्हा वाचकहो, हा विनोदी लेख म्हणून सुरू झाला होता. मध्येच हिशेब निघाला. हेडकॅशियर आता हयात नाहीत, पण पद्धत त्यांचीच वापरतो. त्या जुन्या टिप्पणीतल्या 'तांत्रिक त्रुटीमुळे' या दोन शब्दांवर एक आडवी रेघ, खालचं स्वच्छ वाचता येईल अशी. शेजारी बरोबर नोंद : 'माझ्या हातून.' बाजूला इनिशियल.

खोडरबर वापरलेलं नाही.